तेलाच्या दाबाचं टेस्ट किट: विमानातल्या १३बी रोटरीवर वर्षभर वापरून

इंजिन विमानावरून उतरवायचंच ठरलं होतं. चेनब्लॉक टांगला होता, प्रोपेलर काढायला पाने मांडून झाले होते. तेवढ्यात अण्णांनी विचारलं, "दाब कमी झालाय असं तुला सांगितलं कुणी?"

"पॅनेलवरच्या मीटरने."

"मग आधी मीटरची साक्ष तपास, पोरी. इंजिन कुठे पळून जात नाही."

अण्णांनी आयुष्यभर गॅरेजमध्ये इंजिनं उघडली आणि बसवली. हा प्रश्न त्यांनी विचारला नसता, तर मी निदान एक चूक कायमची विमानात ठेवून उडत राहिले असते. दुसऱ्या दिवशी मी हे मेकॅनिकल ऑइल प्रेशर टेस्ट किट मागवलं. आता वर्ष उलटून गेलंय. तीन वेगवेगळ्या कामांना ते वापरलं, एकदा त्याने फसवलंही. म्हणून सविस्तर लिहिते. रोटरी इंजिनावर उडणारे लोक मुळात थोडे, आणि तेलाचा दाब उतरला की आपल्याला सल्ले मिळतात ते पिस्टन इंजिनाचे.

कोणती रोटरी, ते आधी सांगते. जुन्या विमानांचा नाद असलेल्यांना या शब्दाने पहिल्या महायुद्धातली नोम आणि ल रोन इंजिनं आठवतील. त्यांत क्रँकशाफ्ट जागेवर आणि सिलिंडरांसकट अख्खं इंजिन प्रोपेलरबरोबर गरगर फिरायचं. वंगणाला एरंडेल, तेही एकदा आत गेलं की परत न येणारं. काही विमानांत पायलटसमोर काचेची एक बुधली असायची. तिच्यात तेल उसळताना दिसलं की पंप चालू आहे असं समजायचं. माझं इंजिन ते नव्हे. माझी रोटरी वांकेल जातीची, माझदाच्या मोटारीतली १३बी. पिस्टनांऐवजी दोन तिकोनी रोटर, प्रत्येकी ६५४ सीसी. विमान दोन आसनी, स्वतः बांधलेलं. इंजिन आणि प्रोपेलरच्या मध्ये २.८५ ला १ असा रिडक्शन गिअर आहे, म्हणजे इंजिन मिनिटाला ६००० फेऱ्यांवर असताना प्रोपेलर साधारण २१०० वर फिरतो.

या इंजिनात तेलाच्या दाबाला इतकं महत्त्व का, हे समजल्याशिवाय किटचं महत्त्व कळणार नाही. पिस्टन इंजिनात तेल मुख्यतः वंगण घालतं. वांकेलमध्ये ते एक्सेंट्रिक शाफ्टच्या, म्हणजे रोटर ज्यावर फिरतात त्या मुख्य दांड्याच्या, पोटातून जातं आणि शाफ्टमधल्या बारीक जेटांतून रोटरच्या आत फवारलं जातं. रोटर गार राहतो तो याच फवाऱ्याने, त्याला दुसरं कोणी गार करत नाही. इंजिनाला बाहेर टाकावी लागणारी जी उष्णता पाणी आणि तेल वाहून नेतात, तिच्यातला साधारण तिसरा हिस्सा तेलाच्या वाट्याला येतो. जेटच्या आत स्प्रिंगवर टेकलेली गोळी असते. पुरेसा दाब असेल तरच ती सरकते आणि तेल सुटतं. म्हणजे दाब उतरला की बेरिंगं घासतील ही एक भीती, आणि रोटर आतून भाजून त्याच्या ऑइल कंट्रोल रिंगांमागच्या ओ-रिंगा (रबरी कड्या) कडक होतील ही दुसरी. दुसरी भीती पॅनेलवरच्या कुठल्याच मीटरवर दिसत नाही. धूर निघायला लागला की कळते, आणि तोवर इंजिन उघडण्यावाचून इलाज उरलेला नसतो.

माझदाने या इंजिनाला दिलेला आकडा आहे ३००० फेऱ्यांना ५ किलो (दर चौरस सेंटीमीटरला), म्हणजे ७१ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड). इंजिन नवं बांधलं तेव्हा माझ्या वहीत नोंद होती: तेल ८० अंशांवर, ३००० फेऱ्या, दाब ७२, आयडलला ३०. थंड इंजिनावर ७८. साठेक तास हे आकडे हलले नाहीत. मग एका उड्डाणात, उतरायच्या वाटेवर, काटा नेहमीपेक्षा खाली दिसला. धावपट्टीच्या कडेला थांबून ३००० वर रेस दिली तर ४६. आयडलला इतका खाली की बघवेना. बंद केलं, ढकलत हँगरमध्ये आणलं.

इथे एक अडचण आहे ती विमानवाल्यांनाच कळेल. मोटारीत गिअरबॉक्सकडची बाजू मागची. विमानात त्याच बाजूला रिडक्शन गिअर आणि प्रोपेलर लागतात, म्हणून ती पुढची होते. परिणामी माझदाच्या पुस्तकात ज्याला फ्रंट कव्हर म्हटलंय, ते माझ्या विमानात फायरवॉलकडे (इंजिन आणि कॉकपिटमधल्या भिंतीकडे) तोंड करून बसलंय, मध्ये हात जाईल एवढीच जागा. तेलाचा पंप त्या कव्हरच्या आत. पंपाची साखळी तिथेच. आणि दाब अचानक उतरण्याचं या इंजिनातलं सगळ्यांत बदनाम कारण, कव्हर आणि पुढच्या हाउसिंगमधली तेलाच्या वाटेवरची छोटी ओ-रिंग, तीही तिथेच. तिथवर पोचायचं म्हणजे इंजिन माउंटवरून उतरवायचं: पाण्याच्या नळ्या, इंधनाच्या नळ्या, वायरिंग, एक्झॉस्ट, सगळं. मोटारीत एका दिवसाचं काम, इथे दोन आठवड्यांचं. म्हणून खात्री हवी होती.

आता किट. प्लास्टिकची पेटी, आत ६३ मिलीमीटर व्यासाचं ग्लिसरीन भरलेलं डायल, शून्य ते १० किलो, बाहेरच्या वर्तुळावर पीएसआय. दीड मीटर रबरी होज, दोन्ही टोकं दाबून बसवलेली. एक क्विक कपलर आणि पितळेचे आठ अडॅप्टर. घडीचा एक कागद, ज्यावर कामाचं काही नाही.

डायलची रेंज बरोबर निवडलीय, हे आधी सांगते. ७ किलोचं डायल पुरेल असं वाटतं, पण थंडीत घट्ट तेल घेऊन इंजिन सुरू केलं की पहिल्या काही सेकंदांत काटा कुठे जाईल सांगता येत नाही, विशेषतः तुम्ही तेलाच्या कूलरच्या आधी माप घेत असाल तर. जास्तीचा दाब सोडून देणारा पुढचा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो तोच साधारण १५५ पीएसआयला, म्हणजे ११ किलोच्या आसपास. म्हणून कूलरच्या आधी मापायचं तर इंजिन गरम झाल्यावरच होज जोडायची, हा नियम मी केला. गॅलरीवर, म्हणजे कूलर आणि फिल्टरच्या पुढच्या तेलाच्या मुख्य वाटेवर, मापताना १० किलोचं डायल अगदी योग्य. ५ किलोला काटा बरोबर मध्यावर उभा राहतो आणि डायल सर्वांत विश्वासाने वाचता येतं ते तिथेच.

अडॅप्टरांवरून मात्र मी खूप चिडले. एकाही नगावर आट्याचं माप कोरलेलं नाही. माझदाच्या सेंडरच्या (दाब मोजून पॅनेलच्या मीटरला कळवणाऱ्या भागाच्या) भोकाला १/८ बीएसपीटी, म्हणजे ब्रिटिश पद्धतीचे टेपर आटे आहेत. विमानाच्या दुनियेतल्या बहुतेक सेंडरांना १/८ एनपीटी, म्हणजे अमेरिकन पद्धतीचे. हातात घेतलं तर दोन्ही सख्खे भाऊ वाटतात. एकाला इंचाला २८ आटे, दुसऱ्याला २७. एकाचा कोन ५५ अंश, दुसऱ्याचा ६०. चुकीचा अडॅप्टर हाताने दोन-अडीच फेरे गोडीगुलाबीने जातो. मग जड होतो. टेपर आटा जडच होणार, असं समजून आपण पाना लावतो. मी पाना लावला होता. अर्धा फेरा झाला, आणि पाना फिरण्याचा स्पर्श बदलला. घट्ट होत जाणारा आटा हाताला गोल, भरीव लागतो, हा खरखरला. थांबले, काढला, तर पितळेच्या शेवटच्या दोन आट्यांची धार मुडपलेली आणि त्यावर चमकदार भुकटी. पितळ मऊ म्हणून निभावलं. तिथे स्टीलचा अडॅप्टर असता तर इंजिनातले आटे गेले असते. त्या रात्री आट्याचं गेज घेऊन आठही नग मोजले आणि प्रत्येकावर पंचने खूण केली. एवढं काम बनवणाऱ्यांनीच करायला हवं होतं. आट्यांचं गेज जवळ नसेल तर हे किट इंजिनाला लावू नका, इतकं स्पष्ट म्हणते.

होज चांगली आहे. याआधी मी दुसरंच एक स्वस्त किट घेतलं होतं, त्यात होजच्या जागी केसासारखी बारीक नायलॉनची नळी आली होती. ते मी इंजिनाला लावलंच नाही. रोटरीचा एक्झॉस्ट पिस्टन इंजिनापेक्षा कितीतरी जास्त तापतो. त्याच्यापासून वीतभर अंतरावर दाबाखालचं गरम तेल नायलॉनमध्ये नेणं म्हणजे आगीला निमंत्रण. या किटची रबरी होज जाड आहे, टोकं पक्की आहेत, वर्षभरात कुठे फुगवटा नाही. तरी तिच्यावर मी काचेच्या धाग्याची बाही चढवली आणि एक्झॉस्टपासून दूर, दोन ठिकाणी बांधून नेली. शिवाय इंजिनाकडच्या टोकात एक मिलीमीटर भोकाचा पितळी रेस्ट्रिक्टर लेथवर करून बसवला. होज फुटलीच तर चेंबर (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) रिकामं व्हायला वेळ लागेल, आणि काटाही कमी थरथरतो. किटमध्ये हा तुकडा द्यायला हवा होता. आणि ही होज घेऊन उडायचं नाही. गरम तेलाची नळी कॉकपिटमध्ये आणणं तर मुळीच नाही. मापं सगळी जमिनीवर, चाकांना ठोकळे, शेपूट बांधलेली.

पहिल्या मापाचा दिवस मला लख्ख आठवतो. मी सीटवर, अण्णा पंखाच्या मागे डायल हातात धरून, प्रोपेलरपासून लांब. तेल ८० अंशांवर येईपर्यंत थांबलो. हे थांबणं फार महत्त्वाचं. ६० अंशांचा दाब आणि ९० अंशांचा दाब यांची तुलना करून लोक आठवडेच्या आठवडे चुकीच्या वाटेने जातात. ८० झाले, ३००० वर रेस धरली. पॅनेल म्हणालं ४६. अण्णांनी बोटं दाखवली: पाच, मग सहा. छप्पन्न.

दहाचा फरक. म्हणजे मीटर खोटं बोलत होतं, हे खरं. पण ५६ म्हणजे ७२ नव्हे, हेही खरं. दोन दोष एकाच वेळी आले होते, एकमेकांच्या आड उभे. नुसतं सेंडर बदलून बघितलं असतं तर काटा थोडा वर आला असता आणि मी समाधान मानून उडाले असते. नुसतं इंजिन उघडलं असतं तर सगळं नीट करूनही काटा साठीतच राहिला असता, आणि मी बेरिंगांवर संशय घेत बसले असते.

आधी खोट्याचा निकाल लावला. माझा सेंडर २४० ते ३३ ओहम जातीचा: दाब शून्य असताना २४०, भर दाबाला ३३. म्हणजे रोध वाढला की मीटरला दाब कमी झाल्यासारखं वाटतं. या सेंडरचं अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हशी जोड, त्याच्या अंगातूनच होतं. कंप लागून पितळेची मान तुटू नये म्हणून मी तो इंजिनावर न लावता होजने फायरवॉलवरच्या अॅल्युमिनियमच्या ठोकळ्यावर आणला होता. ते बरोबरच होतं. पण ठोकळा अॅनोडाइज केलेला, आणि सेंडरच्या आट्यांना मी टेफ्लॉन टेप गुंडाळलेली; दोन्हींतून वीज जात नाही. सुरुवातीला कुठेतरी धातूला धातू टेकत होता, साठ तासांच्या कंपाने तोही सैल पडला. सेंडरचं अंग आणि बॅटरीची निगेटिव्ह यांच्यामध्ये मल्टिमीटर धरला तर १७ ओहम. सेंडरच्या अंगाला क्लॅम्पने स्वतंत्र अर्थची वायर दिली. पॅनेल ५५ आणि टेस्ट डायल ५६. एका पीएसआयवर माझी काही तक्रार नाही.

मग खरा दोष. इथे या किटने त्याची सगळी किंमत वसूल करून दिली. नुसता दाब कमी आहे एवढं समजून उपयोग नसतो, कुठे कमी होतोय ते हवं. कूलरला जाणाऱ्या वाटेवर टी (तीन तोंडांचा जोड) बसवून माप घेतलं: ६०. गॅलरीवर ५६. कूलर आणि फिल्टर मिळून चारच पीएसआय खात होते. कूलर तुंबला असता तर आधी भरपूर आणि नंतर उपाशी असं चित्र दिसलं असतं. तसं नव्हतं, पंपाकडूनच कमी येत होतं, किंवा पुढे कुठेतरी जास्त सुटत होतं.

पुढे जास्त सुटतंय म्हणजे बेरिंगं. त्यांची पुस्तकी गॅप ०.०४ ते ०.०८ मिलीमीटर, ०.१० झाली की बदलायची. पण बेरिंगं झिजली की दाब हळूहळू, तासागणिक उतरतो, थंड इंजिनावर बरा असतो आणि गरम आयडलला कोसळतो. माझा एका उड्डाणात उतरला आणि थंडवरही ७८ चा ६१ झाला होता. फिल्टर कापला, कागद उलगडून उन्हात धरला. बेरिंगांच्या धातूचा तांबूस कण एकही नाही. चेंबर खाली घेतलं, कारण ते विमानावर असतानाही निघतं. दाब ठरावीक राखणारा मागचा रेग्युलेटर काढला. त्याचा प्लंजर बोटाने दाबला तर लोण्यासारखा सरकत होता, तळाशी कचरा नाही. तरी नवा लावला, पिकअपचं (चेंबरमधून तेल ओढणाऱ्या नळीचं) गॅस्केट बदललं. परत माप: ५६. शाफ्टच्या पुढच्या टोकातली, तापमानानुसार तेलाची वाट उघडणारी-मिटणारी थर्मल पेलेट बिघडली तरी दाब उतरतो, पण ती मी बांधतानाच काढून तिथे भरीव प्लग घातला होता, तिचा प्रश्नच नव्हता.

पिकअप हवा ओढतोय का, हे बघताना किटने फसवलं ते असं. तेलात हवा शिरली की काटा थरथरतो. माझा काटा समाधी लावून बसल्यासारखा स्थिर. मी "हवा नाही" असं वहीत लिहूनही टाकलं. अण्णा म्हणाले, "ग्लिसरीनमध्ये बुडालेला काटा कशाला थरथरेल?" बरोबर होतं. ग्लिसरीन असतं तेच कंप मारायला, आणि वर माझा रेस्ट्रिक्टर. त्यांनी आपलं जुनं कोरडं डायल आणलं, रेस्ट्रिक्टर काढून लावलं. काटा बारीक हलत होता, पण तो पंपाच्या दातांचा नेहमीचा हलका कंप. फेसाने होतात तसे हेलकावे नव्हते. निष्कर्ष तोच निघाला, पण ज्या पुराव्यावर मी तो काढला होता तो पुरावाच नव्हता. तेव्हापासून कोरडं डायल पेटीत ठेवलंय. बनवणाऱ्यांनी दोन डायलं दिली तर किट पूर्ण होईल.

उरलं काय? पंप, पुढचा रिलीफ व्हॉल्व्ह किंवा ओ-रिंग. रिलीफ व्हॉल्व्ह चेंबर उघडलेलं असतानाच बघून घेतला होता. राहिलेले दोन्ही त्याच कव्हरमागे. आता चेनब्लॉकला हात लावताना माझ्या मनात शंका नव्हती.

कव्हर निघालं तेव्हा पंपाकडे बघायच्या आधी मी ओ-रिंग उचलली. एका बाजूला तीनेक मिलीमीटरचा लचका तुटलेला, बाकीची गोलाई जाऊन चपटी पट्टी झालेली, नखाने दाबली तर दबेना. खाचेच्या काठावरून तुटलेल्या जागेपर्यंत धातूवर तेलाने घासून पडलेली स्वच्छ रेघ दिसत होती. तेल तिथून सुटून सरळ चेंबरमध्ये परत जात होतं, म्हणून बाहेर एक थेंब नाही, पातळी कमी नाही, जमिनीवर डाग नाही. पंपाच्या गॅपा फीलर गेजने मोजल्या, सगळ्या मर्यादेत. नवी ओ-रिंग, तिच्यामागे टेफ्लॉनची पातळ बॅकअप रिंग, नवं गॅस्केट.

हे काम करणार असाल तर एक गोष्ट जपा. पुढचा बोल्ट सैल केला आणि शाफ्ट मागे सरकला, तर थ्रस्टचं सुयांचं बेरिंग आपल्या जागेवरून खाली घसरतं आणि नजरेला दिसत नाही. तसंच बोल्ट आवळलं की ते चेपतं. आम्ही इंजिन फ्लायव्हील खाली करून उभं ठेवलं होतं, त्यामुळे शाफ्ट जागेवर राहिला. तरी आवळल्यावर डायल इंडिकेटर लावून एंड प्ले (शाफ्टची मागे-पुढे हलण्याची मोकळीक) मोजला: ०.०६ मिलीमीटर. पुस्तक म्हणतं ०.०४ ते ०.०७. तेव्हा कुठे अण्णांनी हात पुसले.

आता किटबद्दल उरलेलं. डायल मी एका प्रयोगशाळेत डेडवेट टेस्टरवर, म्हणजे ठरावीक वजनांनी नेमका दाब देणाऱ्या यंत्रावर, तपासून घेतलं. अचूकतेचा वर्ग १.६ छापलाय, म्हणजे १० किलोच्या डायलला कुठेही ०.१६ किलोपर्यंत चूक मान्य, साधारण सव्वादोन पीएसआय. माझं डायल ५ किलोला ०.०५ जास्त दाखवतं. मी खूश आहे. पण डबीच्या वरचं रबरी बूच येताना बंद असतं, आणि ते बंद ठेवून डायल तापलं की डबीच्या आतला दाब वाढून काटा थोडा कमी दाखवतो. एकदा डायल तासभर उन्हात पडलं होतं, मापात दोन पीएसआय कमी. बूच सैल केल्यावर फुस्स आवाज आला आणि काटा जागेवर आला. माप घ्यायच्या आधी बूच मोकळं करायचं, हेही त्या कागदावर नाही.

क्विक कपलर दहा-बारा वेळा लावून-काढून झाल्यावर थेंब सोडायला लागला. आतली ओ-रिंग बदलली, आता बरा आहे, पण मी त्यावर भरवसा ठेवत नाही. शक्य तिथे सरळ आट्याचाच जोड लावते. होजच्या लांबीबद्दल कुणी विचारेल म्हणून सांगते: डायल इंजिनापेक्षा मीटरभर वर-खाली धरलं तर तेलाच्या वजनाने सव्वा पीएसआयच्या आसपास फरक पडतो. तेवढा सोडून द्यायला हरकत नाही, फक्त दर वेळी डायल एकाच उंचीला धरा.

घ्यावं का? ज्याच्या विमानात मोटारीचं इंजिन आहे आणि दाबाची माहिती एकाच इलेक्ट्रिक सेंडरकडून येते, त्याने हे किंवा असलंच किट घ्यावं. अडॅप्टरांवर खुणा करून, रेस्ट्रिक्टर घालून, बाही चढवून, बूच मोकळं करून वापरावं. पाचपैकी साडेतीन तारे. डायल आणि होजला पूर्ण मार्क, खुणा नसलेल्या अडॅप्टरांसाठी आणि त्या कागदासाठी दीड वजा. नायलॉनच्या नळीचं किट कुणी फुकट दिलं तरी इंजिनाजवळ आणू नका.

इंजिन परत बसवताना मी गॅलरीवर सेंडरशेजारी एक कायमचा टी ठेवला, तोंडावर पितळी टोपी आणि टोपीला लॉकवायर. दर पन्नास तासांनी, तेल बदलतानाच, टोपी काढून हे डायल लावते आणि ८० अंशांवर, ३००० वर आकडा लिहिते. अर्थची वायरही त्याच वेळी मल्टिमीटरने बघते. आतापर्यंतच्या नोंदी: ७२, ७१, ७२. आयडलला ३०, २९, ३०. पॅनेल तीनही वेळा एका पीएसआयच्या आत. पुढचं माप या महिन्याच्या शेवटी आहे. डायल पुन्हा टेस्टरवर तपासून आलंय, पेटीत तयार आहे.